मनीषाचा पहिल्या ओव्हरचा नो-बॉल

मागच्या महिन्यात एका दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, मी तीन लोकांना मनीषाचा नो-बॉल समजावून सांगत होते. तिघं तीन वेगवेगळ्या देशांत बसलेले, आणि मी हेडमास्तरांच्या खोलीत. नेरडीगोंड्याच्या आमच्या शाळेत नेट तिथेच नीट येतं. केस आता मिटली, म्हणून लिहितेय...

मी गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मुलींच्या क्रिकेट मॅचेसचं स्कोअरिंग करते. मनीषा माझी जुनी विद्यार्थिनी, इंद्रवेल्लीकडची, फास्ट बोलर. यंदा पहिल्यांदाच परदेशातल्या एका लीगमध्ये खेळायला गेली आणि पंधरा दिवसांत सस्पेंड होऊन घरी परत आली.

कारण काय, तर तीन मॅचेसमध्ये पहिल्याच ओव्हरला तिचा पाय लाइनच्या पुढे पडला. आणि नेमक्या त्याच नो-बॉलवर दुसऱ्याच एका देशात आधीपासून जोरात सट्टा लागलेला. म्हणजे पोरगी फिक्सरला मिळालेली, असा सरळ संशय. तो खरा ठरला असता तर तिचं खेळणं कायमचं बंद.

गावात कुजबुज सुरू झाली होती. माझ्याकडे आली तेव्हा ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "मॅडम, मी काऊन मुद्दाम टाकू? तुमाले तर माईत हाय माझा पाय."

माहीत होताच. मनीषा रनअप अनवाणी पावलांनी मोजते, लहानपणी घरामागच्या मोकळ्या जागेत शिकली तेव्हापासून. मग बूट घालते, बुटात पाऊल लांब पडतं, आणि पहिल्या ओव्हरला एक नो-बॉल ठरलेला. दुसऱ्या ओव्हरला खूण मागे सरकवते की झालं. सात वर्षं मी तिच्या कानीकपाळी ओरडतेय, बूट घालून मोज... ऐकेल तर शपथ.

म्हणून तपास करणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर बोलावलं तेव्हा मी माझ्या स्कोअरच्या सगळ्या वह्या घेऊन बसले. शेजारी मनीषा. स्क्रीनवर लीगवाल्या देशातली एक बाई, सट्टा लागला त्या देशातला एक पोलीस अधिकारी आणि दिल्लीहून एक साहेब, माझं हिंदी त्या दोघांना इंग्रजीत सांगणारे. मी एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरलं. मनीषाच्या प्रत्येक नो-बॉलभोवती लाल गोल आणि बाजूला माझा शेरा... 'परत अनवाणी मोजलं.'

दिल्लीचे साहेब चक्क हसले. मी मनातल्या मनात केस जिंकलेसुद्धा.

मग त्या बाईंनी शांतपणे विचारलं, ही सवय बाहेर आणखी कुणाला माहीत होती? मी ताठ मानेने सांगितलं, माझ्या वह्यांबाहेर ही गोष्ट कुठेच नाही.

बाईंनी ते लिहून घेतलं. मनीषाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय बोलून बसले ते मला कळलं. बाहेर कुणालाच माहीत नव्हतं, तर मग सट्टेवाल्यांना सांगणारी एकटी मनीषाच उरत होती.

आणि तेव्हाच आठवलं... ती लीगला जायच्या आधी मला एका माणसाचा मेसेज आला होता. खेळाच्या वेबसाइटसाठी नव्या खेळाडूंवर लिहितोय, तुमच्यासारख्या जाणकार स्कोअररची मदत हवी, असं म्हणत होता. 'जाणकार' वाचून मी अशी काही फुलले की रनअप, बूट, लाल गोल, सगळं लिहून पाठवलं. वर दोन पानांचे फोटो. लेख काही आला नाही आणि मीही विसरून गेले.

खोटं कशाला बोलू, आधी स्वतःचाच विचार आला. हे सांगितलं तर माझं स्कोअरिंग जाणार, गावात हसं होणार ते वेगळंच. पण चूक माझी होती आणि तिची शिक्षा शेजारी बसलेली पोरगी भोगत होती. मी म्हणाले, "साब, मेरा जवाब गलत था. ये बात मैंने ही बताई है." आणि फोन काढून ते चॅट कॅमेऱ्याला दाखवलं.

पोलीस अधिकाऱ्याने तो नंबर दोनदा वाचून घेतला. पुढे कळलं की अगदी तोच मेसेज, त्या 'जाणकार'सकट, आणखी दोन देशांतल्या स्कोअररना गेला होता. एकेकटा मेसेज पाहिला तर त्यात काहीच नव्हतं. वेगवेगळ्या देशांतल्या तपास करणाऱ्यांनी आपापल्या हातातलं एकमेकांना दाखवलं, तेव्हा तो माणूस सापडला. मला वाटत होतं, हुशार म्हणून त्याने मला निवडलं... आम्ही सगळे रांगेत उभे राहून फसलो होतो.

तीन आठवड्यांनी मनीषा निर्दोष असल्याचं पत्र आलं. मला कडक ताकीद मिळाली, आणि नव्या स्कोअररना हा किस्सा सांगायचं काम. ते मी मोठ्या आवाजात करते, लाज बाजूला ठेवून.

मनीषाची माफी मागितली, तर म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. तुमी बोलल्या नसत्या तर माझं खेळणं गेलंच होतं." आणि निघताना, "आता बूट घालूनच मोजीन."

स्क्रीनवरच्या त्या तिघांनी इंद्रवेल्लीचं नाव याआधी कधी ऐकलंही नसेल. तरी इथल्या एका पोरीसाठी त्यांनी माझ्या वह्यांचं पान न् पान पाहिलं. त्यांचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

परवा रविवारी मॅच होती. मनीषाने आधी बूट घातले, मग पावलं मोजली. पहिली ओव्हर संपली तरी माझ्या लाल पेनचं टोपण निघालं नव्हतं... आता ही माहिती ज्या कुणाला हवी असेल, त्याने खुशाल घेऊन जावी.