शेवटच्या गल्लीचा नळ

वस्तीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायचं काम मामा एकोणीस वर्षं करत होते. सगळ्यांचेच मामा, खरं नाव तेवढं पगारपत्रकावर उरलेलं. सकाळी बादलीत पावडर कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. मग टाकीजवळच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत धरून त्यात औषधाचे थेंब सोडायचे. पिवळं झालं म्हणजे पाण्यात पावडर पुरेशी; तसं वहीत लिहायचं आणि सुटायचं.

टाकीलगतच्या पहिल्या गल्लीला पाण्यात पावडरचा वास यायचा. "मामा, आज चहा पाजलात की दवाखाना?" शिंप्याची बायको रोज टोमणा मारायची. वर तक्रारही गेली. उन्हाळ्यात मामा वैतागले आणि त्यांनी पावडर निम्म्यावर आणली. टाकीजवळचं पाणी तरीही पिवळं व्हायचं, फिकट का होईना.

"आता कसं पाण्यासारखं पाणी लागतंय!" शिंप्याची बायको म्हणाली. मामांना बरं वाटलं.

शेवटच्या गल्लीतून तक्रार कधीच आली नाही. मामांची थोरली बहीण, आक्का, तिथेच राहायची. तिथवर पोचेपर्यंत पाइप दोनदा गटारातून जायचा.

आधी त्या गल्लीतली दोन लहान भावंडं जुलाब-उलट्यांनी गेली, एका दिवसाच्या अंतराने. चौथ्या दिवशी आक्का दवाखान्यात होती. खाटेला मधोमध भोक, खाली बादली. डोळे खोल गेलेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

"जेवलास का रे?" तिने विचारलं.

पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई नर्सला सांगत होत्या, "पाणी ठीक आहे. वहीत रोज पिवळं आहे. दुखणं भाजीतूनच आलं असणार. भाजीच्या गाड्या उचलायला सांगा."

म्हणजे नळ चालू राहणार. मामा सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिले. बोललं तर नोकरी जाणार होती. आणि पडदा पातळ होता, आक्काला सगळं ऐकू जाणार होतं.

"बाई," पडद्यापलीकडे जाऊन ते म्हणाले, "पाणी ठीक नाही."

"अहो, वही तुमचीच ना?"

"ती टाकीजवळची. शेवटच्या नळाचं पाणी मी कधी तपासलंच नाही. आणि पावडर निम्मीच घालतोय. चार महिने झाले."

 मग पडद्याआडून आक्काचा आवाज आला, अगदी बारीक. "उभा काय राहिलास? जा, आधी नळ बंद कर."

टाकीवर जाऊन मामांनी नळाची चावी फिरवली. मग ते गल्लीत घरोघर सांगत निघाले: भरून ठेवलेलं पाणी ओता, उकळल्याशिवाय थेंबही पिऊ नका, टँकर येतोय. तिसऱ्या दारात त्या दोन भावंडांची आई बसली होती. हातात भरलेला तांब्या.

"आजपासून प्यायचं नाही का, मामा?" तिने विचारलं.

मामांनी तिच्या हातातून तांब्या घेतला, गटारात ओतला. मग तिच्यासमोर खाली बसून त्यांनी कधीपासून प्यायचं नव्हतं ते सांगितलं.