किलोमीटरचा दगड उसात सापडला त्याची हकीकत

फिर्यादी: ऊसतोड कामगार, राहणार पाचटाची (उसाच्या वाळल्या पाल्याची) कोपी, म्हणजे झोपडी. जखमी: त्यांची मुलगी, इयत्ता चौथी. ठिकाण: सणसर भागातील शाळेकडे जाणारा डांबरी रस्ता. साक्षीदार: दोन पंच व एक दगड. नावे मुद्दाम गाळली आहेत. घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते.

मी त्या वेळी बीट अंमलदार होतो. उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून मुलीचा हात मोडला. चालक स्वतःहून ठाण्यात हजर झाला. त्याच्यावर रीतसर गुन्हा दाखल केला. परंतु मुलीचा बाप म्हणाला, "साहेब, केस करा नाहीतर करू नका. हिची शाळाच बंद करतो. हात मोडला, जीव तरी राहील."

मी मुलीस विचारले, "डांबरावरून का चालत होतीस?"

"कडेला वाटच न्हाय. आकडा लिव्हलेला दगडसुद्धा उसात हाय."

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष ऊस बाजूला सारला. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड तिसऱ्या सरीत उभा होता. टेप लावून पंचनामा केला व शेतमालकास ठाण्यात बोलावले. वयाचा मान राखून खुर्ची दिली, चहा दिला.

"आबा, दगड आत कुणी नेला?"

"कोण नेतंय? हाय तितंच हाय."

"मग ऊस चालत आला का?"

आबांनी कप खाली ठेवला. "दरसाल एखादी सरी वाढली. सगळीच करत्यात, साहेब."

'सगळेच करतात' हे शब्द आले की कबुली झाली, असा माझा सेवेतील अनुभव आहे. परंतु कागदावरच्या कबुलीने वाट होत नाही. मुलीस एक दिवस शाळेत पाठविण्यास बापाला राजी केले आणि आबांनाही तिच्यासोबत पायी चालविले. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. आबा धोतर सावरीत स्वतःच्याच उसात शिरले. प्लॅस्टरचा हात छातीशी धरून मुलगी आधीच आत उभी होती. ती म्हणाली, "आबा, डोळं मिटा. पाचट लागतं."

त्याच आठवड्यात आबांनी तिन्ही सऱ्या काढून मुरूम टाकला. हंगाम संपेपर्यंत मुलगी त्या वाटेने शाळेत गेली. सेवेत मला बक्षिसे मिळाली; पण अभिमानाने सांगावी अशी ही एकच वाट.

आरोपी नेहमी पळून जातोच असे नाही, कधी तो दरसाल एकेक सरी पुढे सरकतो, हे मी तिथे शिकलो.

सध्या मी तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहितो. हा माझा स्वतःचा. बारामती व इंदापूर तालुक्यांतील शाळांच्या रस्त्यांवरील असे दगड शोधून मुलांची वाट मोकळी करावी व लेखी उत्तर द्यावे. उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांनी सकाळी शाळेच्या वेळी, त्याच रस्त्याने, पायी यावे, ही नम्र विनंती.