बाराव्या दिवसाची नोंद

“रंग पिवळा पडतो तो एका दिवसात नाही, तो फक्त एका दिवशी दिसतो,” असं बळवंतराव शेवाळे एकदा एका कंत्राटदाराला म्हणाले होते.

कंत्राटदाराचा पांढरा रंग त्यांनी नापास केला होता आणि तो मनुष्य काकुळतीला येऊन सांगत होता, की परवापर्यंत तर पत्रा पांढराशुभ्र होता. बळवंतरावांनी त्याला वहीतल्या नोंदी दाखवल्या. पिवळेपणा सहा आठवड्यांपासून चढत होता. कंत्राटदार रोज येऊन पत्रा बघत होता, पण शेजारी पांढरी टाइल ठेवून बघत नव्हता, एवढाच काय तो फरक.

गाझियाबादच्या एका सरकारी प्रयोगशाळेत बळवंतरावांनी तेहतीस वर्षं रंग तपासले. पुलांचे, रेल्वेच्या डब्यांचे, इस्पितळांच्या भिंतींचे. रंग लावलेले पत्रे गच्चीवर उन्हात ठेवायचे, सकाळी अकराला उत्तरेच्या उजेडात आणायचे, बाजूला पांढरी टाइल ठेवायची आणि पिवळेपणाला शून्य ते पाच यांतली एक श्रेणी द्यायची. हे काम नजरेचं होतं. साहेब लोक बदलले, यंत्रंही आली, तरी वाद झाला की पत्रा बळवंतरावांच्या टेबलावर यायचा. भुसावळहून आलेला हा माणूस दिल्लीत फारसा कुणाला ठाऊक नव्हता, पण त्याची सही असलेला कागद कधी परत आला नाही. मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत कुणी घर रंगवायला काढलं, की शेजारी त्यांना जिन्यातच गाठायचे. चंद्रप्रभाबाई त्यावर सांगायच्या, “मला बघायला आले तेव्हासुद्धा यांनी आधी मला खिडकीशी बसायला लावलं होतं.” पाहुणे हसायचे. बळवंतरावही थोडं हसायचे. ते खरंच होतं.

निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, होळीला पुण्याहून आलेली त्यांची मुलगी स्वरूपा जाताना टेबलावर एक खोकं ठेवून गेली. आत टचस्क्रीनचा, मोठ्या कॅमेऱ्याचा फोन होता. घरात तोवर बटणांचाच फोन होता आणि बळवंतरावांच्या मते तो पुरेसा होता. पण स्वरूपाची मुलगी अश्लेषा आता तीन वर्षांची झाली होती, बोलायला लागली होती, आणि आजीला ती रोज दिसावी असं आजीला वाटत होतं. चंद्रप्रभाबाईंनी आयुष्यात फार गोष्टी मागितल्या नव्हत्या. ही मागितली.

बळवंतराव म्हणाले की महिनाभर वापरून बघतो. रोजच्या वापराला योग्य ठरला तर ठेवू, नाहीतर स्वरूपाने तो घेऊन जावा.

“बाबा, फोन आहे तो. टेंडर नाही,” स्वरूपा म्हणाली.

“तीस दिवस,” बळवंतराव म्हणाले, आणि त्यांनी नवी वही काढली.

त्याच महिन्यात चंद्रप्रभाबाईंच्या पोटात, जठराच्या मागे, एक गाठ वाढायला लागली होती. हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना भूक लागेनाशी झाली होती. त्या म्हणायच्या उन्हाळा यंदा लवकर आलाय, आणि खरोखरच तो लवकर आला होता. गाठ लवकर सापडते की उशिरा, यावर सगळं अवलंबून होतं. आणि ती शोधायची खूण ज्या माणसाला दिल्लीत सगळ्यांत आधी दिसावी, तो माणूस रोज सकाळी अकराला त्यांच्यासमोर बसत होता.

चाचणी बारा मार्चला सुरू झाली. कणीक मळलेल्या बोटांनी पडदा चालतो का, कुकरच्या शिट्टीत समोरच्याचं बोलणं ऐकू येतं का, बाल्कनीच्या उन्हात अक्षरं वाचता येतात का, खिशातून गादीवर पडला तर काय होतं, मेट्रोत आवाज तुटतो का. सगळ्याला रकाने होते. नोंदी सरकारी सवयीने इंग्रजीत होत्या. कॅमेऱ्यासाठी त्यांनी वेगळी पद्धत ठरवली. रोज अकरा वाजता, उत्तरेच्या बाल्कनीत, त्याच वेताच्या खुर्चीवर चंद्रप्रभाबाईंनी बसायचं. खांद्याशेजारी कठड्यावर पांढरी टाइल. तीन फुटांवरून एक फोटो. उघडझापीने फोटो बिघडू नये म्हणून डोळे मिटून.

“डोळे मिटून फोटो कुणाचे काढतात, माहितीये ना?” चंद्रप्रभाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या.

“हलू नकोस,” बळवंतराव म्हणाले.

पहिले अकरा दिवस रकाना सरळ गेला. बाराव्या दिवशी, तेवीस मार्चला, बळवंतरावांनी फोटो मोठा करून बघितला आणि चष्मा पुसला. चेहऱ्यावर पिवळी छटा होती. अगदी पुसट, शिकाऊ माणसाला दिसलीही नसती. त्यांनी टाइल बघितली. टाइल पांढरी होती. त्यांनी लिहिलं: पिवळेपणा, श्रेणी एक.

आता टाइल पांढरी आणि चेहरा पिवळा, याचा अर्थ काय, हे त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना तेहतीस वर्षं शिकवलं होतं. उजेड ठीक आहे, नजर ठीक आहे, पत्रा पिवळा पडतोय. पण फोनच्या बाबतीत त्यांनी काही वाचलं होतं. हे फोन चेहरा ओळखतात आणि तेवढ्याच भागाचा रंग आपल्या मनाने बदलतात, माणसाला गोरं करतात, गुळगुळीत करतात. मग टाइल पांढरी राहील आणि चेहरा बिघडेल. विचार तर्काला धरून होता. शेवटचा रकाना होता संभाव्य कारणाचा. त्यात त्यांनी लिहिलं: कॅमेरा.

समोर खुर्चीवर बसलेल्या बाईकडे त्यांनी त्या दिवशी बघितलं नाही असं नाही. बघितलं. पण बेचाळीस वर्षं बघितलेला चेहरा माणूस बघत नाही, तो आहे एवढंच पडताळून घेतो.

सोळाव्या दिवशी फोटो हलला. चंद्रप्रभाबाई दंड खाजवत होत्या. रात्री झोपेतही त्या हल्ली खाजवायच्या. बळवंतरावांनी साबण बदलून आणला होता. वहीत त्यांनी लिहिलं की नमुन्याने खाजवण्यासाठी हात हलवल्यामुळे फोटो पुन्हा घेतला. त्याच संध्याकाळी स्वरूपाचा व्हिडिओ कॉल आला. अश्लेषाने आजीला आपली चप्पल दाखवली, मग कपाटामागे पळून गेली. स्वरूपा पडद्याजवळ आली आणि म्हणाली, “आई, तू पिवळी दिसतेयस का गं?”

चंद्रप्रभाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

“फोनचा दोष आहे तो,” बळवंतराव मागून म्हणाले. “चेहरा तेवढा पिवळा करतो. मी नोंद केलीय. श्रेणी एक ते दोनच्या मधे.”

स्वरूपाला बाबांच्या श्रेण्या लहानपणापासून माहीत होत्या. ज्या घरात पडदे विकत घ्यायच्या आधी दुकानाबाहेर रस्त्यावर आणून उजेडात धरले जायचे, त्या घरात ती वाढली होती. रंगाबद्दल बाबा बोलले की तो विषय तिथे संपायचा. तिने बरं म्हटलं.

पण चंद्रप्रभाबाईंच्या मनाला वेगळीच काळजी लागली. चाचणीचा अर्धा महिना उलटून गेला होता. वहीत फोनविरुद्ध एकच मोठा शेरा होता आणि त्या एका शेऱ्यावर फोन परत जाणार होता. मग कपाटामागून डोकावणारी ती पोर पुन्हा पुढच्या होळीलाच दिसली असती. सतराव्या दिवशी खुर्चीवर बसायच्या आधी त्या आत गेल्या आणि त्यांनी चेहऱ्याला पावडर लावली. थोडीच, कानापर्यंत नीट पसरून. बळवंतरावांनी त्या दिवशी श्रेणी अर्धी लिहिली. सलग चार दिवस दोष कमी होता. त्यांनी शेरा मारला की फोनने बहुधा आपोआप सुधारणा केली असावी, आणखी निरीक्षण आवश्यक.

पाचव्या दिवशी ब्लाउजच्या गळ्यावर पांढरे कण दिसले.

बळवंतरावांचा आवाज सहसा चढत नसे. तेव्हाही चढला नाही. त्यांनी फक्त विचारलं, किती दिवस?

“चार,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. “अहो, एवढं काय त्यात. बायका लावतात पावडर.”

“तू नमुन्यात भेसळ केलीस.”

“मी नमुना नाही,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, हसत म्हणाल्या, “बरं, आहे नमुना. सगळी सोसायटी म्हणते. पण फोन परत करू नका. फोटोत पिवळी दिसले तर दिसले. मला कुठे लग्न करायचंय आता.”

बळवंतरावांनी चार दिवसांच्या नोंदी एका तिरक्या रेघेने रद्द केल्या आणि त्यांना तोंड धुऊन यायला सांगितलं. त्या धुऊन आल्या. डोळे मिटून बसल्या. श्रेणी तीन.

सत्ताविसाव्या दिवशी, सात एप्रिलला, ते फोन घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. सोबत वही होती. काउंटरवर विशीतली एक मुलगी होती. तिने त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हे त्यांना आवडलं. त्यांनी तिला टाइल, उजेड, अंतर, सगळं समजावून सांगितलं. तिने त्यांचाच एक फोटो काढला, मग स्वतःचा काढला. दोन्ही चेहरे जसे होते तसे आले. तिने फोन कसल्याशा यंत्राला जोडून तपासला आणि म्हणाली, “अंकल, कैमरा तो बिल्कुल ठीक है.”

बळवंतराव म्हणाले की दोष रोज दिसत नाही, चढत जातो. फोटो बघा.

तिने फोटो उघडले. एकेक न बघता तिने ते अंगठ्याने भरभर सरकवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग शेवटून पहिल्यापर्यंत. वेताची खुर्ची जागची हलली नाही. टाइल पांढरीच राहिली. त्या दोन्हींच्या मधे एक बाई पिवळी पडत गेली, वाळत गेली, आणि तिच्या गळ्याजवळची हाडं वर आली. बळवंतरावांनी हे फोटो सत्तावीस वेळा बघितले होते, पण दर वेळी एकच.

मुलीचा अंगठा थांबला. “ये आंटी कौन हैं?”

“मेरी पत्नी.”

तिने हळू आवाजात विचारलं, “अंकल, इनको डॉक्टर को दिखाया?”

त्यांनी फोन घेतला, वही घेतली. मेट्रोत त्यांना कुणीतरी जागा दिली, ती त्यांनी घेतली की नाही, हे त्यांना नंतर आठवलं नाही. घरी आले तेव्हा चंद्रप्रभाबाई तांदूळ निवडत होत्या. ते त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. गेल्या कित्येक वर्षांत ते असे जमिनीवर बसले नव्हते. त्यांनी बाईंना ताटावरून मान वर करायला सांगितलं, खिडकीकडे वळायला सांगितलं, डोळे उघडे ठेवायला सांगितलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा होता.

“आता उघडे ठेवू?” त्या म्हणाल्या. “ठरवा एकदा काय ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्यांना एका इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टर बाई मध्यमवयीन होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली, पोट दाबून बघितलं, आणि पोट दाबताना त्यांचा चेहरा जरासा बदलला. बळवंतरावांना तो बदल दिसला. मग त्या कागद पुढे ओढून लिहायला बसल्या आणि त्यांनी विचारलं, “पीलापन कब से है?”

बळवंतरावांनी तोंड उघडायच्या आधी चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, “चार-पाच दिन हुए होंगे.”

त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याला भाव सांगावा तसा. बळवंतरावांना समजलं की हे उत्तर त्यांनी घरून निघतानाच तयार करून आणलंय.

डॉक्टरांनी तसं लिहायला घेतलं.

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कुणी विचारणार नव्हतं. बळवंतरावांनी पिशवीतून वही काढली, बारावा दिवस उघडला आणि ती डॉक्टरांच्या कागदावर ठेवली.

डॉक्टरांनी आधी ती बाजूला सारली, मग पुन्हा ओढून घेतली. तेवीस मार्च, श्रेणी एक. अठ्ठावीस मार्चपासून चार नोंदी रद्द, शेजारी कारण: पावडर. एक एप्रिल, श्रेणी तीन. त्यांनी मागे जाऊन खाजवल्याची नोंद वाचली, तारीख आपल्या कागदावर उतरवून घेतली. आधीचा आकडा खोडला. त्या म्हणाल्या की आजच्या आज स्कॅन करू, दिवस फार गेलेत. मग पान उलटत म्हणाल्या, “इतने साल में इतना सही हिसाब किसी ने नहीं दिया. किसने लिखा है ये?”

“इन्होंने,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. त्यांचा हात टेबलाखालून बळवंतरावांच्या हाताकडे गेला. “वो फोन के लिए था.”

डॉक्टर अजून वाचतच होत्या. त्यांचं बोट ओळीवरून उजवीकडे सरकत सरकत शेवटच्या रकान्यावर आलं आणि तिथे थांबलं. कॅमेरा. तोच एक शब्द खालपर्यंत, रोज, एकाच वळणाच्या अक्षरात. त्यांनी मान वर करून बळवंतरावांकडे बघितलं.

बळवंतरावांनी पत्नीचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवला, खुर्ची मागे सारली, आणि ते दार उघडून बाहेर गेले.