धुतलेला सदरा

शिवकन्या परभणीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. स्वतःची चित्रे मात्र ती सुईने करते. राजकीय मारामाऱ्यांत ज्यांची माणसे गेली, त्यांच्या घरचे जुने कपडे मागून आणायचे आणि आजीने शिकवलेल्या धावदोऱ्याने त्यांची वाकळ शिवायची, हे काम ती अकरा वर्षे नेमाने करते आहे.

ताडकळसकडच्या एका खेड्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भुजंग नावाचा माणूस मारला गेला. पुढे साक्षीदार फिरले, आरोपी सुटले आणि चार वर्षांनी त्याचा सदरा कोर्टातून आईकडे, कासाबाईकडे, परत आला. रक्ताचा डाग तसाच होता. तो वाकळीच्या मधोमध लावायचा, लोकांनी तो बघितलाच पाहिजे, असे शिवकन्याने ठरवले होते. कासाबाईने सदरा द्यायचे कबूलही केले.

शिवकन्या गेली तेव्हा म्हातारी मेंढरांना पाणी पाजून नुकतीच आली होती. तिने सदरा पुढे ठेवला. पांढराशुभ्र, घडी घातलेला.

“मावशी, धुतला?”

“मग? तीनदा धुतला, रिठे लावून. मळका कपडा वाकळंला लावतेत व्हय? मास्तरीण हायेस, येवढं कळंना?”

“पण डाग…”

“गेला की. लय घासला.”

“मला तोच पाहिजे होता, मावशी. भिंतीवर टांगून लोकांना दाखवायचा होता.”

“भिंतीवर?” कासाबाईने सदरा मागे ओढला. “वाकळ काय कॅलेंडर हाय? कुनी पांघरणार असंल तर ने. न्हाई तर ऱ्हाऊ दे माझ्यापाशी.”

शिवकन्या म्हणाली, “नाही टांगत. बाजेवर टाकते, येईल त्यानं पांघरावी. पण डाग कुठं होता, तेवढं दाखवा.”

कासाबाईने सदरा मांडीवर पसरला आणि बोट फिरवले. खिशाच्या खालून, दोन गुंड्यांमधून, थेट बगलेपर्यंत. कुठेही अडखळली नाही. शिवकन्या त्या बोटामागून कोळशाने रेघ ओढत गेली. पुढे तिने त्या रेघेवर काळा दोरा घातला; आतले कापड पांढरेच ठेवले.

परभणीच्या प्रदर्शनात बाजेशेजारी ‘हात लावू नये’ अशी पाटी लागली होती. शिवकन्याने ती काढली. तरी पहिल्या दिवशी लोक लांबूनच बघून गेले. दुसऱ्या दिवशी कासाबाई एसटीने आली. चपला काढून ती बाजेवर आडवी झाली आणि तिने वाकळ गळ्यापर्यंत ओढली.

“टाके दाट हायेत,” ती म्हणाली. “टोचत न्हाई.”