डॉक्टरआत्या आणि चंपाची फरशी

डॉक्टरआत्याने आयुष्यात कोणाचं तोंड नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ती पाय बघायची. दारात माणूस उभा राहिला की तिची नजर सरळ खाली जायची, तिथे जरा रेंगाळायची आणि वर यायची ती निकाल घेऊनच. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्या दिवाणखान्यात बाकीचे पोहे खात शिक्षणाच्या चौकशा करत होते. आत्याने मुलीच्या टाचा पाहिल्या आणि म्हणाली, "चालणारी आहे. करून टाका." मग माझ्या पायांकडे बोट दाखवून मुलीच्या आईला म्हणाली, "आमचा हा मात्र बसणारा आहे. मागून सांगितलं नाही म्हणाल." मी सोफ्यावर पाय पसरले की बायको हे वाक्य आजही ऐकवते.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, जनावरांची डॉक्टर. व्हेटर्नरी कॉलेजात शिकवून रिटायर झाली. शहराच्या राइट टाउन भागात एकटी राहायची आणि सत्तरी उलटली तरी स्कूटरवर हिंडायची. नोकरीतली बरीच वर्षं तिने जंगलखात्याच्या हत्तींचे तळवे धुण्यात, नखं तासण्यात आणि जखमा बांधण्यात घालवली होती. "एवढं धूड, पण सगळा संसार तळव्यावर," ती म्हणायची. "तळवा सडला की संपलं. मग सोंडेचे फोटो काढत बसा."

पायांचा नाद असा नोकरीतून आला. काही माणसांचा तिरस्कार मात्र जन्मजात असावा. चोराला ती चोर म्हणायची, लाचखाऊला लाचखाऊ. पण त्याहून खालच्या पायरीवर जो असेल त्याला 'बघ्या' म्हणायची. प्राणीबागेत तिकीट काढून जाणारा प्रत्येक माणूस तिच्या लेखी याच पायरीवर होता. एका सुट्टीत मी मुलांना दूरच्या कुठल्याशा शहरातली प्राणीबाग दाखवून आणली आणि हौसेने तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. साखळीला बांधलेला हत्ती डावीकडे-उजवीकडे डोलत होता आणि मागून माझाच आवाज येत होता, "बघा, बघा, कसा नाचतोय!"

"नाचून नाही राहिला," आत्या म्हणाली. "डोकं फिरलं त्याचं. तुला वर्षानुवर्षं संडासात कोंडून ठेवलं ना बाबू, तर तूही असाच डोलशील. मग आम्ही तिकीट लावू."

"अगं, पण तिथे त्याला वेळेवर खायला मिळतं, डॉक्टर असतो..."

"तुलाही मिळेल. खिडकीतून केळी टाकीन मी."

अशा बाईला आमच्या गणेश मंडळाने उद्घाटनाला बोलावलं, यावरून मंडळाची अक्कल लक्षात यावी. महाराजपूरच्या आमच्या कॉलनीत मराठी घरं थोडी, त्यामुळे प्रत्येक घराला एक पद मिळतं. मी सहसचिव. म्हणजे सतरंज्या अंथरतो आणि अध्यक्ष बोलले की मान हलवतो. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मनात आलं की नुसती मूर्तीची सेवा किती करायची? शेजारच्या जिल्ह्यात एक छोटी खासगी प्राणीबाग होती आणि तिथे चंपा नावाची म्हातारी हत्तीण. तिच्या शेडमधलं सिमेंट उखडून काळं पडलं होतं.

"गणरायाचं जिवंत रूप असं घाणीत उभं? चलो, फरशी बसवू!" अध्यक्ष म्हणाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

फरशी बसली. पांढरी, चकचकीत, देवघरात लावतात तसली. वर देवळाच्या पायऱ्यांवर असतं तसं एकेका फरशीवर एकेका देणगीदाराचं नाव कोरलेलं, म्हणजे चंपाचं पाऊल रोज आपल्या नावावर पडावं. माझं नाव दाराशीच होतं, येता-जाता पुण्य. प्राणीबागेचा मॅनेजरही खूश. पाण्याचा पाइप मारला की शेड साफ.

उद्घाटनाच्या दिवशी आत्याला मी गाडीतून घेऊन गेलो. चंपासाठी काही सुधारणा केल्यात, एवढंच सांगितलं होतं. हत्तीण म्हटल्यावर ती आली. शेडसमोर मांडव होता, रिबीन होती, मॅनेजर पुष्पगुच्छ घेऊन उभा होता. चंपा बाजूच्या अंगणात साखळीला. आत्याची नजर नेहमीसारखी खाली गेली आणि फरशीवर थांबली. या वेळी ती वर यायलाच तयार नव्हती.

"कोणाची अक्कल?" तिने विचारलं.

सगळ्यांनी कौतुकाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी नम्रपणे हात जोडले.

"बालदीभर पाणी आणा," आत्या म्हणाली. तिने स्वतःच रिबीन बाजूला सारली, फरशीवर पाणी ओतलं आणि अध्यक्षांना म्हणाली, "चला. त्या भिंतीपर्यंत जाऊन या."

"मॅडम, घसरेन ना मी!"

"अच्छा! तुम्ही घसराल. आणि तीन टनांची ती काहून नाही घसरणार? पडली तर काय कराल? आरती म्हणाल?"

मांडवात कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी वळून पाहिलं तेव्हा मी खोकत होतो.

मग आत्याने माहुताला बोलावून चंपाचा पाय उचलायला लावला आणि आम्हाला रांगेने उभं केलं. तळव्याला बोट जाईल एवढ्या भेगा, दोन नखांच्या मुळाशी पू. वास असा की अध्यक्षांनी रुमाल काढला. "रुमाल ठेवा खिशात. देवाचा पाय आहे ना?" आत्या म्हणाली. तिने शेडच्या भिंतीवरचा एक गुळगुळीत, काळपट पट्टा दाखवला आणि माहुताला विचारलं, "यहीं टिककर सोती है?"

"जी मैडम. खड़े-खड़े."

"लेटती नहीं?"

"लेटते तो हमने कभी देखा नहीं."

"कठीण जमिनीवर असे पाय घेऊन आडवी झाली तर उठता येत नाही तिला," आत्या आम्हाला म्हणाली. "तिला कळतं ते. म्हणून ती भिंतीला टेकून झोपते. आणि तुम्ही तिच्या पायाखाली काच पसरून आलात. वर नावं लिहून! ही हत्तीण पडली की पंचनाम्याला साक्षीदार शोधायला नको, सगळे खालीच आहेत."

हे शेवटचं वाक्य लागू पडलं. दयेने जे झालं नसतं ते भीतीने झालं. पुढच्याच रविवारी मंडळाचे झाडून सगळे पदाधिकारी पहारी घेऊन स्वतःची नावं उखडत होते. खजिनदार आपली फरशी अखंड निघावी म्हणून हळूहळू ठोकत होता. आत्या त्याला म्हणाली, "घरी ने. तू उभा राहा तिच्यावर." खालचं सिमेंटही फोडलं, माती भरली आणि वर वाळूचे ट्रॅक्टर रिकामे केले. भिंतीला लागून वाळूचा उतरता ढीग रचायचा होता, म्हणजे हत्तीण त्यावर टेकेल, कलेल आणि उठताना तिच्या पायांवर भार येणार नाही. मी दहा-बारा फावडी मारली आणि कंबर धरून बसलो. आत्याने माझ्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा निकाल माझ्या लग्नाआधीच लागला होता.

पहिले काही दिवस चंपा वाळू सोंडेने अंगावर उडवायची आणि झोपायची उभीच. मग एका सकाळी माहुताचा मला फोन आला. तो रेतीबद्दल काहीतरी ओरडून सांगत होता. ढिगाच्या उतारावर कानापासून मांडीपर्यंत अख्ख्या अंगाचा ठसा उमटला होता. चंपा झोपली होती. आडवी. मी तसाच राइट टाउनला गेलो आणि धापा टाकत आत्याला सांगितलं.

ती वर्तमानपत्र वाचत होती. "मग?" ती म्हणाली. "कैद्याला गादी दिली. टाळ्या वाजवू?" पण पान काही तिने उलटलं नाही. बराच वेळ ती एकाच मजकुराकडे बघत होती. तो सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीचा होता. मग म्हणाली, "आता काढा तिला तिथून."

प्राणीबागेत हत्ती ठेवू नयेत, त्यांना जंगलातल्या कॅम्पात हलवावं, असं सरकारने कधीचं ठरवलेलं आहे. ठरलेलं घडवून आणायला मात्र आत्यासारखं कोणीतरी लागतं. ती एकेका कचेरीत जाऊन बाकावर बसायची आणि साहेब आला की त्याच्या बुटांकडे टक लावून बघायची. एका साहेबाने म्हणे त्या दिवसापासून टेबलाला पुढून फळी ठोकून घेतली. पण कागद हलला. एका हिवाळ्यात चंपा ट्रकमध्ये चढली आणि कान्ह्याच्या बाजूच्या एका हत्ती-कॅम्पात गेली. तिथे माती होती, नदी होती आणि सोबतीला दुसऱ्या हत्तिणी होत्या.

मंडळाला आता उत्साहाचं भरतं आलं. अध्यक्षांनी बस ठरवली, सहकुटुंब चंपादर्शन, जेवणासह. पहिली सीट आत्याची. मी विचारायला गेलो तेव्हा ती पलंगावर होती. तोवर तिचेच गुडघे गेले होते.

"आत्या, तुझ्यामुळे सुटली ती. एकदा बघून तरी ये."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुला बघावंसं नाही वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली. "रोज वाटते. पण जन्मभर लोक तिला बघूनच राहिले ना बाबू. आत्ता कुठे सुटली. आणि तिथे पहिली बघी मीच जाऊ?" मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बस रद्द करायला सांग त्या बावळटाला."

मी सांगितलं. बस रद्द झाली नाही, ती धबधबा बघायला भेडाघाटला गेली. आत्या त्याच वर्षी गेली, नदीकाठी ग्वारीघाटला तिला निरोप दिला. चंपाला ती पुन्हा भेटली नाही.

आम्ही अधूनमधून कान्ह्याकडे जातो. कॅम्पाकडे जाणारा फाटा मुख्य रस्त्यावरच आहे. तिथे आलं की बायको गाडीचा वेग कमी करते आणि माझ्याकडे बघते. मी पुढे बघत राहतो. चंपा तिथे आहे, आता कशी दिसते मला ठाऊक नाही.