चेहरा द्या जरा

"ताई, चेहरा द्या जरा."

शिडीवरून हाक आली की हातातलं काम ठेवून रंगमंचावर जाऊन उभं राहायचं. नट यायच्या आधी दिव्याचा झोत नीट लावायला त्यांना कुणाचा तरी चेहरा लागायचा. ते आमच्या कार्यालयात कारकून, पण नाटक बसलं की दिवे त्यांचे. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना त्यांनी असं उभं केलं. कुणी डोळे मिटले की वरून दटावायचे, "मिटू नका. नटाला मिटता येतंय व्हय?"

आमच्या शहरातली जुनी नाटकं तुम्ही बघितली असतील तर त्यांचं काम तुम्ही बघितलंय. त्यांना मात्र नाही.

बायको लवकर गेली. लेक तालमींतच वाढली. बारावीनंतर तिनंही दिव्यांचंच शिकायचं ठरवलं, तेव्हा कॉलेजांची माहिती मी जमवली: फी, वसतिगृह, अंतर, पुढची नोकरी. सगळं मांडल्यावर गावातलंच कॉलेज पहिलं आलं. पोरगी घरी राहील, बापाला सोबत होईल.

आम्ही तिघं जाऊन आलो. तिथं त्यांनी एकच विचारलं, "पोरींना शिडीवर चढू देता का?"

सर हसले. मुली वेशभूषा छान सांभाळतात, शिडीला आमचा माणूस आहे, म्हणाले. लेकीचे वडील नमस्कार करून उठले.

दिल्लीच्या कॉलेजला फोनवर तेच विचारलं. "चढना तो पडेगा," असं उत्तर आलं.

एवढ्या लांब? तुमचं बीपी, तुमचं जेवणखाण? मी एकेक मुद्दा काढत गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

"ताई, जवळ ठेवायची म्हणून तिला खालीच उभी करू का?"

ती गेली. इथल्या हर्सूल भागातल्या घरात ते एकटे राहिले. फोनवर अभ्यासाचं विचारायचे नाहीत. "शिडी कुणी धरली होती?" एवढंच.

दुसऱ्या वर्षी, थंडीतल्या एका सकाळी ते अंगणात कोसळले. लेक पोचली तेव्हा सगळे तिच्यासाठीच थांबले होते. गावात शिकली असती तर बाप भेटला असता, असं कुणीतरी बोललंच. खोटं नव्हतं ते. ती बापाच्या पायांवर हात ठेवून बसून राहिली.

शिक्षण संपवून ती एक नाटक घेऊन इथं आली. मी वेळेआधी गेले. शिडी कुणी धरलीय ते आधी बघितलं.

"आत्या, चेहरा द्या जरा."

मी जाऊन उभी राहिले. झोत थेट डोळ्यांवर आला. त्या उजेडात शिडीवर कोण आहे ते दिसत नाही.

डोळे भरून आले. मी मिटले नाहीत.