ओट्यापाशी टाळ्या

रविवारी सकाळी ह्यांनी हौसेनं मोबाइलला सांगितलं, "आनंदी मराठी घराचं चित्र काढ." आलं चित्र. पुरुष पेपर वाचतोय आणि बाई पोळ्या लाटताना हसतेय.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "सगळं बरोबर आहे गं, पण ही हसतेय कशाला?"

मी म्हटलं, "आता त्या पुरुषाला लाटू दे पोळ्या." तर मशीननं त्याला हॉटेलातली उंच पांढरी टोपी घातली आणि भोवती टाळ्या वाजवणारी माणसं उभी केली!

मी चिडले खरी. पण मशीन शिकतं आपलेच फोटो बघून. त्या बिचाऱ्याला दुसरं घर माहीत कुठलं?

दुपारी ह्यांनी कधी नव्हे तो चहा केला. सासूबाईंनी आणि मी आपोआप टाळ्या वाजवल्या.